पेटी विकायची आहे, पण आधी तिची गाऱ्हाणी ऐका

सोलापुरात ‘माझ्याकडे कॅम्पर आहे’ असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, ‘गोल्ड का साधी?’ त्याचं काही चुकत नाही. महिंद्राने चार दारांच्या, मागे हौदा असलेल्या बोलेरोचं नावच कॅम्पर ठेवलंय. तिच्यात झोपायची, रांधायची कसलीही सोय नसते. पुढे पाच माणसं आणि मागे कांदा, एवढाच तिचा संसार. माझी गाडी तीच, २०१९ची. मी विकतेय ती त्या हौद्यात बसणारी, सामान ठेवायची आणि झोपायची पेटी. चार जॅक लावून उचलली की ती गाडीपासून सुटी होते. परदेशात याला ट्रक कॅम्पर म्हणतात. आमच्या गल्लीत तिला ‘मॅडमचा डबा’ म्हणतात. तीन उन्हाळे मी ती वापरली, त्यामुळे तिची तारीफ आणि तक्रार दोन्ही माझ्याइतकी कुणालाच करता येणार नाही.

मी शाळेत पीटी शिकवते, तेवीस वर्षं झाली. सुट्टीत आणि रविवारी आमचा एक गट बाहेर पडतो. कधी बदामीला कडे चढायला, कधी नळदुर्गला सायकली घेऊन, थंडीत हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब बघायला. पोरं एसटीने किंवा भाड्याच्या ट्रॅव्हलरने जातात आणि सामान माझ्या गाडीतून. साठ मीटरचे चार दोर, कमरेला बांधायचे बारा हार्नेस, हेल्मेटं, सहा तंबू, चार सायकली, दोन शेगड्या, पाण्याचे कॅन आणि प्रत्येक आईने ‘राहू दे’ म्हणून दिलेली शेंगा चटणीची पुडकी. आधी हे सगळं उघड्या हौद्यात टाकून वर ताडपत्री बांधायचे. एकदा बदामीहून येताना कोल्हारच्या कृष्णेवरच्या पुलाजवळ वळवाने गाठलं. घरी येऊन दोर अंगणात पसरले तेव्हा त्यांना गोठ्यातल्या पोत्यासारखा वास येत होता. चढाईचा दोर भिजला की सावलीत सुकवायचा असतो, उन्हात नाही. सोलापुरात सावली म्हणजे घरातला हॉल. चार दिवस आमचा हॉल दोरांनी भरलेला होता. नवरा पाचव्या दिवशी म्हणाला, ‘एक तर दोरांना घर बांध, नाहीतर मला.’

पेटीचा जन्म तिथे झाला. पहिल्यापासून ठरवलं होतं की ही आधी सामानाची खोली, मग माणसाची. बाजारात लोकांनी केलेले कॅम्पर बघितले. त्यात गादी, पडदे, दिव्यांच्या माळा असतात, आणि दोर ठेवायला जागा विचारली की मालक गादीखाली बोट दाखवतो. मला उलटं हवं होतं. बोलेरो कॅम्परचा हौदा पाच फुटांच्याही आत संपतो, त्यामुळे जागेची चैन नव्हतीच. आतून पेटी चार फूट आठ इंच लांब आणि तेवढीच उंच. खालच्या एका फुटात दोन लांब ड्रॉवर, मागच्या बाजूने उघडणारे. त्यांच्यावर प्लायचं पाटण. पाटणावर सायकली उभ्या राहतात, आणि सायकली काढल्या की दोन माणसं झोपतात. लांबी कमी पडते म्हणून गाडीचा फाळका खाली पाडायचा, त्यावर घडीची फळी टाकायची आणि वरून कॅनव्हासची झडप सोडायची. मी पाच फूट तीन इंच, मला पुरतं. नवऱ्याचे पाय झडपेत जातात आणि सकाळी दवाने मोजे ओले असतात. तुम्ही साडेपाच फुटांच्या वर असाल तर झोपायच्या सोयीसाठी ही पेटी घेऊ नका. हे मी प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते.

बांधली अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने. तो मूळचा ट्रॉल्या आणि पाण्याच्या टँकरचे सांगाडे करणारा, घरी तेलुगू, दुकानात मराठी, हिशेबाला कन्नड. मी कागदावर काढलेलं चित्र त्याने उलटं धरलं, सुलटं धरलं आणि म्हणाला, ‘अक्का, हे कोंबड्यांचं हाय का?’ पण एकदा समजलं तेव्हा माझ्यापेक्षा त्याला जास्त समजलं. मी लोखंडी अँगलचा सांगाडा म्हणत होते. त्याने ॲल्युमिनियमचा दीड इंची स्क्वेअर पाइप घ्यायला लावला, कारण लोखंडात पेटीचंच वजन दुप्पट झालं असतं. कोपऱ्यांना जिथे जॅक लागतात तिथे मात्र त्याने स्वतःहून जाड प्लेटा टाकल्या. तीन वर्षांत सांगाड्याचा एक जोड हलला नाही. त्याच्या कामाला मी दहातले नऊ देते.

उरलेला एक गुण तारखेसाठी कापला. नोव्हेंबर २०२२ मध्ये काम दिलं, डिसेंबरअखेर देतो म्हणाला. डिसेंबर संपला. ‘आता गड्डा झाल्यावर बघू की अक्का.’ गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, त्याच्या घरी पाहुणे, कारागिरांच्या घरी पाहुणे. गड्डा झाला, तर म्हणाला पाळणे उतरेपर्यंत पोरं कामावर येत नाहीत. ‘टेन्शन कशाला घेऊलालाव, पेटी कुठं पळून जातीय का?’ फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली. सोलापुरात जानेवारीची डिलिव्हरी कुणी कबूल केली तर मार्च समजा.

आता ड्रॉवर. ही या पेटीची सगळ्यात चांगली गोष्ट आणि सगळ्यात महाग पडलेला धडा. सुरुवातीला फर्निचरवाल्या दुकानातले बॉल बेअरिंगचे चॅनेल लावले होते, जोडीवर ४५ किलो लिहिलेलं. दोर, हार्नेस, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), मेखा मिळून एका ड्रॉवरमध्ये ४० किलो बसत होतं, म्हणून मी खूश. पण ४५ किलो हा आकडा घरात शांत उभ्या असलेल्या कपाटाचा असतो. खड्ड्यात गाडी आपटली की तेच ४० किलो चॅनेलवर किती जोराने बसतात हे तुळजापूरच्या घाटाने दाखवलं. चढ लागला, मागून ‘खाड’ असा आवाज आला, पाठोपाठ फाळक्यावर धडक. उतरून बघितलं तर डावा ड्रॉवर आतली कडी तोडून मागे सरकलेला, चॅनेलमधल्या गोळ्या हौद्यात साबुदाण्यासारख्या पसरलेल्या. फाळका बंद होता म्हणून सामान रस्त्यावर आलं नाही. मागे दुचाकीवर एक जोडपं होतं. त्यांच्याकडे बघून माझ्या पोटात जे झालं ते अजून आठवतं.

फॅब्रिकेटरने चॅनेल बघून नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी तो भंगार बाजारातून पिशवीभर माल घेऊन आला. बंद पडलेल्या यंत्रमागांचे सुटे भाग सोलापुरात किलोवर मिळतात, हे मला माहीत होतं. पण त्यातली बेअरिंगं माझ्या ड्रॉवरखाली येतील असं वाटलं नव्हतं. त्याने दोन्ही बाजूंना अँगलचे रूळ केले, प्रत्येक ड्रॉवरला खाली आठ बेअरिंगं आणि वर दोन, म्हणजे ड्रॉवर पूर्ण ओढला तरी तोंडावर पडत नाही. कडीच्या जागी ट्रकच्या फाळक्याला असते तशी खिट्टी आणि तिला साखळीने बांधलेली पिन. आणि मुठी म्हणून दोन जुने धोटे. मागावर आडवा धागा घेऊन धावणारा तो लाकडी धोटा, टोकांना लोखंडी चोच, मधला भाग वर्षानुवर्षांच्या घर्षणाने काचेसारखा गुळगुळीत. मधोमध कांडी बसते त्या खाचेत चार बोटं बरोबर मावतात. माझे सासरे अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. त्यांनी पेटी पहिल्यांदा बघितली तेव्हा सोलर, फ्रिज कशाकडे पाहिलं नाही. धोट्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हा चादरीच्या मागावरचा नव्हे, टॉवेलच्या.’ कशावरून ओळखलं ते विचारलं तर हसले फक्त.

हे ड्रॉवर आज पूर्ण भरलेले असताना एका हाताने ओढता येतात. फक्त दर तीन महिन्यांनी ग्रीस लागतं. ग्रीस विसरलात तर गल्लीला जाग येईल असा आवाज येतो.

आतल्या अस्तराची गोष्ट लाज वाटण्यासारखी आहे, पण सांगते. पैसे वाचवायला आतलं सुतारकाम वेगळ्याला दिलं. पत्रा आणि प्लाय यांच्या मध्ये थर्माकोलचे तक्ते भरायचे होते. त्या माणसाने सनमायका चिकटवायचं नेहमीचं पिवळं रबरी सोल्युशन ब्रशने थर्माकोलवर मारलं. त्या सोल्युशनमधला द्रव थर्माकोल खातो. मी उभी होते, बघत होते, आणि मला वाटलं तो तक्ता दाबून बसवतोय म्हणून पातळ दिसतोय. वरून प्लाय ठोकला, काम संपलं, पैसे दिले. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पेटीत थर्मामीटर ठेवला तर ५१. एक तक्ता उचकटून बघितला. आत थर्माकोल नव्हताच. पिवळट जाळी होती, मधमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्यासारखी, आणि मधे नुसती हवा. बोट लावलं की भुगा. शिवाय प्लायही साधा कमर्शियल निघाला. पहिल्या पावसात कडा फुगल्या आणि पापुद्रे सुटले. फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, लाकूड आहे, श्वास घेणारच.’

सगळं काढलं. पुन्हा केलं तेव्हा दाट निळसर एक्सपीएस फोमचे एक इंची बोर्ड घेतले. तेही थर्माकोलसारखं पॉलिस्टायरीनच, त्यामुळे त्या रबरी सोल्युशनची बाटली पेटीच्या दहा फुटांत येऊ दिली नाही. फोमला चालणारा पॉलियुरेथेनचा गोंद वापरला. प्लाय ९ मिलिमीटरचा, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) छापलेला, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला प्रायमरचे दोन हात. छताला बाहेरून पांढरा रंग. आता तशाच दिवशी, तशाच वेळी आतलं तापमान ४४ येतं. एक छोटा पंखा गरम हवा बाहेर टाकतो. ४४ म्हणजे गार नव्हे. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी कुठलीही पेटी गार राहत नाही आणि ‘राहते’ म्हणून सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये. पण रात्री नऊनंतर आत झोपण्याजोगं होतं, जे आधी बारापर्यंत होत नव्हतं. आतून दोन्ही बाजूंना मी जुन्या सोलापुरी चादरी ताणून बसवल्यात, मोराच्या नक्षीच्या. दिसायला थोडं लग्नघरासारखं दिसतं, मान्य आहे. पण सायकलचं हँडल प्लायवर घासण्यापेक्षा चादरीवर घासलेलं बरं, आणि मळली की काढून धुता येते.

धूळ. या विषयावर मी तासभर बोलू शकते. पिकअप चालताना तिच्या पाठीमागे हवा विरळ होते आणि चाकांनी उडवलेली धूळ फाळक्याच्या फटीतून आत ओढली जाते. नान्नजच्या माळरानाकडचे कच्चे रस्ते आणि उन्हाळ्यातली काळ्या रानातली वाट यांत ते शिकायला मिळतं. पहिल्या महिन्यात दर सहलीनंतर ड्रॉवरमध्ये पिठासारखा थर. दोरात असली कचकच गेली की ती आतून धागे कापते, त्यामुळे हा फक्त स्वच्छतेचा प्रश्न नव्हता. दाराला दुहेरी रबर बीडिंग लावलं, सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या, तरी अर्धीच कमी झाली. शेवटी उपाय फॅब्रिकेटरच्या पुतण्याने सांगितला. हा पोरगा ट्रॅक्टर दुरुस्ती शिकतोय. पेटीच्या पुढच्या भिंतीला, केबिनच्या छपराच्या वर, वारा आत घेणारं एक तोंड केलं आणि त्यात ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरचा स्पंज बसवला. गाडी पळायला लागली की गाळलेली हवा पुढून आत शिरते, पेटीत किंचित दाब राहतो, आणि फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. खर्च साडेतीनशे रुपये. साडेचार हजाराचं बीडिंग जे करू शकलं नाही ते या स्पंजाने केलं. पावसात त्या तोंडाला झाकण लावायचं विसरू नका. मी एकदा विसरले आणि फ्रिजवर बादलीभर पाणी पडलं.

विजेचं थोडक्यात. छतावर १६५ वॅटचं पॅनल, आत १०० ॲम्पिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी, ४० लिटरचा बारा व्होल्टचा फ्रिज, तीन दिवे, पंखा. आधी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी होती, तिला उचलायला दोन माणसं लागायची. ही बारा किलोची, मी एकटी उचलते. दोन दिवस ढग असले तरी फ्रिज चालतो. तक्रार एकच. भर मे महिन्यात बंद पेटीत बॅटरी तापली की तिच्यातलं संरक्षक सर्किट चार्जिंगच बंद करतं. ऊन भरपूर आणि चार्जिंग शून्य, असा विनोद दोन वेळा झाला. विकणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं, उलट ‘उन्हात ठेवा, लवकर चार्ज होईल’ असं सांगितलं. बॅटरी आता खाली, उजव्या कोपऱ्यात, हवेच्या तोंडासमोर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्रास झाला नाही.

वजनाबद्दल विचारणारे फार थोडे भेटले, खरं तर हाच पहिला प्रश्न असायला हवा. एमआयडीसीच्या वाटेवर वजनकाटा आहे. तिथे मी तीन चकरा केल्या. आधी रिकामी गाडी, मग पेटीसकट, मग बदामीला निघताना असते तशी गच्च भरून. काट्यावरचा माणूस उसाच्या ट्रॉल्या मोजणारा. त्याने विचारलं, ‘मॅडम, माल काय?’ मी म्हटलं दोर. ‘काथ्याचे?’ म्हटलं, नायलॉनचे. त्याने पावतीवर ‘सुतळी’ लिहिलं. हिशेब असा निघाला की रिकामी पेटी २९० किलो, सामान आणि ४० लिटर पाणी धरून ६३० किलो. कंपनी या गाडीला एक टन म्हणते, पण म्हणून आपल्याला ३७० किलो अजून शिल्लक आहेत असं धरू नका. माणसं, बॅगा, वाटेत घेतलेली टरबुजं, सगळं त्याच गाडीवर बसतं. फॅब्रिकेटर म्हणाला होता, ‘अजून एक पाटा टाकू का मागं?’ मी नको म्हटलं. स्प्रिंगचा पाटा वाढवला की गाडी कमी दबते, तिची वजनाची परवानगी वाढत नाही. ब्रेक तेच राहतात.

चालवायला कशी? पेटी केबिनच्या वर दीड फूट जाते, जमिनीपासून एकूण सात फूट आठ इंच. विजापूर रोडला शहर सोडलं की दोन्ही बाजूंना मोकळं रान, तिथे आडवा वारा गाडीला ढोसतो. ७० पर्यंत काही वाटत नाही, ८० नंतर स्टिअरिंग दोन्ही हातांत लागतं. ॲव्हरेज पेटीशिवाय साडेतेरा, पेटीसकट साडेदहा. गावातल्या बाभळी छताला ओरखडे काढतात. मॉलच्या तळघरात शिरायचा विचारही करू नका.

कायद्याचं विचारतात, ते बरोबरच विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. म्हणून ही पेटी गाडीला कुठेही वेल्ड केलेली नाही, हौद्याला एकही नवीन भोक नाही. कंपनीनेच दिलेल्या हुकांना चार टर्नबकलनी (फिरवून ताणायच्या आकड्यांनी) ती ताणून बांधते, म्हणजे ती गाडीवरचा माल. उंची सोडली तर हौद्याच्या बाहेर ती कुठेही डोकावत नाही, कारण माल बाजूने किंवा मागे बाहेर आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आहे. पासिंगला जाताना पेटी उतरवून ठेवते आणि मोकळी गाडी नेते. चालत्या गाडीत पेटीत माणूस बसवायचा नाही, पोरांनी कितीही हट्ट केला तरी. विमा गाडीचा आहे, पेटीचा नाही.

उतरवण्याची कसरत दोन माणसांची, चाळीस मिनिटांची. चार कोपऱ्यांना हाताने फिरवायचे जॅक लावायचे, प्रत्येकाला पाच-पाच फेरे देत पेटी सारखी वर घ्यायची, आणि मग गाडी हळू पुढे काढायची. एका जॅकला घाई केलीत तर पेटी कलते. माझी कललीच. जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ती उभी असायची. जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात लोणी. पहिल्या वर्षी जॅकखाली विटा ठेवल्या होत्या. सप्टेंबरच्या पावसात डावी मागची वीट मातीत गेली, जॅक तिरका झाला आणि पहाटे पेटी त्या कोपऱ्यावर बसली. त्या कोपऱ्याला पत्र्याला वितभर पोचा आहे. सांगाड्याला काही झालं नाही. पोचा मी काढून घेतला नाही, घेणाऱ्याला दिसू दे. आता प्रत्येक पायाखाली दोन फुटी जाड फळी टाकते. त्या चारही फळ्या पेटीबरोबर देईन.

आणि विकायचं कारणही तोच प्लॉट. तो विकला गेला. मालकांनी दिवाळीनंतर पाया खणायला घेतला, आणि माझ्याकडे पेटी उभी करायला जागाच उरली नाही. गाडीवर कायम ठेवली तर गाडी दुसऱ्या कामाला येत नाही, आणि नवऱ्याच्या भावाचा दर आठवड्याला मार्केट यार्डात कांदा असतो. दोन महिने शाळेच्या आवारात ठेवली. तिथे मुलांनी तिच्यामागे लपून डबे खायला सुरुवात केली, मग मुख्याध्यापकांनी हात जोडले.

आतापर्यंत चारजण बघून गेले. एकाला तिच्यात वडापावचा गाडा करायचा होता. खिडकी किती मोठी कापता येईल विचारत होता. एकाने दुधाचे कॅन किती बसतील ते मनात मोजलं आणि चहा पिऊन गेला. पुण्याहून एक जोडपं आलं होतं, त्यांना ती आवडली होती, पण मुलाची सायकल एकोणतीस इंची चाकांची, मोठ्या फ्रेमची. माझ्या सायकली साडेसत्तावीस इंची चाकांच्या. पुढचं चाक काढलं की त्या आरामात बसतात. त्यांची दीड इंचाने अडली. तिरकी घातली तर बसत होती, पण मग दुसरी बसत नव्हती. ते म्हणाले, घेऊ आम्ही, काहीतरी करू. मीच म्हटलं, नका घेऊ. दीड इंच दर रविवारी शिव्या घालायला लावतो. चौथा माणूस पक्षी बघणारा, एकटा, लेन्सच्या पेट्या आणि लपणाचा तंबू एवढंच सामान. तो अजून विचार करतोय.

मला पेटी, दुरुस्त्या आणि दोनदा केलेलं अस्तर धरून दोन लाख पस्तीस हजार पडले. एक लाख पंचवीस हजार मागतेय. त्यात सोलर, बॅटरी, फ्रिज, जॅक, टर्नबकल, झडप, फळ्या, ग्रीसचा डबा आला. दोर आणि हार्नेस मिळणार नाहीत. वापरलेला दोर कधी कुणाकडून विकत घेऊ नये, माझ्याकडूनही नाही. गाडी विकत नाहीये. पेटी दुसऱ्या पिकअपवर बसवायची असेल तर हौद्याची आतली रुंदी आणि चाकांवरच्या उंचवट्यांमधलं अंतर मोजून आणा, अंदाजाने नको. कुठे पॅकिंग लागलं तर फॅब्रिकेटर करून देईल, फक्त डिसेंबरात विचारू नका.

बघायला यायचं तर दुपारी अडीच-तीनला या. सकाळी सातला आत शिरलात तर छान गार वाटेल आणि नंतर मे महिन्यात मला फोन कराल. येताना टेप आणा, आणि तुमच्याकडची सगळ्यात लांब वस्तू गाडीत टाकून आणा. बसते का ते इथेच बघू.